पडदा कशावर घालावा?

आमच्यासारख्या घरांत दोन गोष्टी मुलांना अलिफ-बे शिकवण्याआधीच शिकवल्या जातात. एक तहारत, म्हणजे पाकी. ती निम्मा ईमान मानली गेली आहे. दुसरी हया, म्हणजे लाज. तीही ईमानाचीच एक शाखा. दोन्ही शिकवणी हदीसमधून आलेल्या, त्यामुळे त्यांच्यावर शंका घेण्याचे कारण आम्हाला कधी पडले नाही. पुढे २०१७ साली आमच्या घरात गुदाशयाचा कॅन्सर आला आणि या दोन्ही शिकवणी बंद दारांसारख्या आमच्या वाटेत उभ्या राहिल्या. ही दारे दीनने बंद केली होती की आम्हीच आतून कडी घातली होती, हा प्रश्न तेव्हापासून आमच्यासोबत आहे.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. तो तेव्हा ३६ वर्षांचा, सांगली जिल्ह्यातल्या एका गावी हायस्कूलात गणित शिकवणारा. ती घर सांभाळून शिलाई करणारी. पदरी दोन मुले. गाठ त्याच्या शरीरात होती. पण आजार कोणाचा असे कोणी विचारले तर आम्ही ‘आमचा’ असेच म्हणतो. म्हणून हा लेखही दोघांचा आहे.

आधी लाजेबद्दल. त्याला शौचावाटे रक्त जात होते ते जवळजवळ वर्षभर. त्याने कोणाला सांगितले नाही. धुण्यात तिला डाग दिसले तेव्हा तिने विचारले, त्याने ‘गरमी झाली असेल’ म्हटले आणि तिनेही ते मानून घेतले. मानणे सोयीचे होते. पुढे एका दवाखान्यात मूळव्याधीची औषधे मिळाली, ती चार महिने घेतली. तिथे कोणी तपासले नाही. डॉक्टरांनी ‘कपडे उतरवा’ म्हटले नाही, याचे आम्हाला त्या वेळी वाईट वाटले नाही. उलट सुटल्यासारखे वाटले. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ हातमोजा घातलेल्या बोटाला लागू शकते, आणि त्या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्या दोन मिनिटांची लाज आम्हाला वाटली, तशी ती डॉक्टरांनाही वाटली असावी. दोन्ही बाजूंच्या लाजेने मिळून गाठीला वर्ष दिले.

शिवाय वयाचाही प्रश्न होता. छत्तिशीच्या माणसाला कॅन्सर कसा होईल, असे आम्हाला वाटले, तसेच ते सगळ्यांना वाटते. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर हा म्हातारपणाचा आजार, असा समज जगभर होता. अमेरिकेत पन्नाशीच्या आतल्या लोकांत तो १९९० च्या दशकापासून वाढत गेला, आणि २०२१ साली तिथल्या तज्ज्ञ मंडळाने नेहमीच्या तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, चॅडविक बोसमन हा नामवंत नट याच आजाराने ४३ व्या वर्षी गेला. चार वर्षे तो आजार अंगावर घेऊन कामे करत होता आणि बाहेर कोणाला पत्ता नव्हता. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे, पण ज्यांना होतो त्यांत तरुणांचे प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखे आहे. आणि सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कॅन्सर आहेत, आतड्याचा नाही. म्हणजे इथे तपासणीची सुरुवात माणसाच्या स्वतःच्या तोंडून होते. त्याने सांगितले तरच.

निदान झाल्यावर घरातले पहिले वाक्य अम्मीचे होते. “किसीकू बोलू नको बेटा.” तिने मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात चादर मानली, रोजे धरले, आणि शेजारणींना मात्र ‘पोटात अल्सर आहे’ असे सांगितले. जे नातेवाईक जाणत होते त्यांच्यातल्या एकाने ‘असा कोणता गुनाह झाला असेल’ हेही विचारून घेतले. आम्ही उत्तर दिले नाही. नंतर सुचले की हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपण मुलांना सब्रसाठी सांगतो, पण त्यातला पहिलाच धडा विसरतो. त्यांचा आजार कोणत्याही गुनाहची सजा नव्हती. सब्र हा शब्द आजाऱ्याला देताना, त्याला गुन्हेगार न ठरवण्याची जबाबदारी निरोग्याने आधी घ्यायला नको का?

मुंबईत आम्ही जवळजवळ वर्ष काढले. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे, आणि त्याच्या आसपासच्या फुटपाथवर अर्धा हिंदुस्थान बिछाना पसरून असतो. आम्हाला दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली. आधी किरणे घेतली, आठवड्यातून पाच दिवस अशी पाच आठवडे, २५ वेळा. बरोबर केमोच्या गोळ्या. मग काही आठवडे थांबून ऑपरेशन. किरणांआधी एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारले, “अजून मूल हवे आहे का? असेल तर आत्ताच सांगा, नंतर उशीर होईल.” आम्ही दोघांनी मान खाली घातली. आम्हाला दोन मुले होती म्हणून निभावले. पण आमच्याबरोबर त्या रांगेत एक मुलगा होता, लग्न ठरलेला. त्याला हा प्रश्न कोणी विचारला की नाही, आणि विचारला असेल तर बापासमोर त्याने काय उत्तर दिले असेल, हे अजून मनात येते.

गाठ गुदद्वाराच्या स्नायूला चिकटलेली होती. अशा वेळी गुदद्वारासकट गुदाशय काढतात. हे ऑपरेशन अर्नेस्ट माइल्स या इंग्रज सर्जनने १९०८ साली मांडले. उरलेल्या आतड्याचे तोंड पोटाच्या डाव्या बाजूला, कातडीवर आणून शिवतात. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी लावायची, आणि मल त्या पिशवीत येणार. केव्हा येणार हे माणसाच्या हातात नाही. जन्मभर.

पहिल्या दिवशी नर्सने पिशवी बदलून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून तिने बदलली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. स्टोमा लाल, ओला, ओठाच्या आतल्या बाजूसारखा असतो. त्याला दुखत नाही, कारण त्याला तशी संवेदनाच नाही. दुखत होते ते दुसरीकडे. अकरा दिवसांनी तो म्हणाला, “उद्या मी करतो.” धर्मशाळेच्या त्या सार्वजनिक मोरीत, भिंतीवरच्या गाडगेबाबांच्या तसबिरीखाली, त्याने पहिल्यांदा स्वतःची पिशवी स्वतः धुतली. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, निर्वाण १९५६ चे. मधला जन्म हातात खराटा घेऊन गावोगावची घाण काढण्यात गेला. त्या तसबिरीकडे पाहताना आम्हाला पहिल्यांदा एक साधा प्रश्न पडला: घाणीत हात घालणारा हा माणूस घाण झाला होता, की स्वच्छ?

गावी परतल्यावर हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. जुम्म्याच्या नमाजला तो मशिदीत गेला. पिशवीतून अधूनमधून आवाज होतो, तो दाबता येत नाही. शेजारचा माणूस सफमध्ये थोडा सरकला. नमाजनंतर जमातीतल्या एका बुजुर्गांनी बाजूला घेऊन, अतिशय मायेने, सांगितले की तुम्ही घरीच पढत जा. अंगावर नजासत घेऊन मशिदीत येणे बरे नाही. त्यांनी अपमान केला नाही. तरी तो सात महिने मशिदीत गेला नाही. घरीही नमाज सुटली. ज्याची पाकी कधी पुरी होणारच नाही त्याने कशाच्या बळावर मुसल्यावर उभे राहायचे, असे त्याला वाटे. शरीरातला कॅन्सर डॉक्टरांनी काढला होता. हे जे उरले होते ते आमच्या दोघांच्या आयुष्यातले सर्वांत अंधारे दिवस होते, आणि त्या दिवसांत आम्ही एकमेकांशीही फार बोललो नाही.

वाट काढली ती एका म्हाताऱ्या हाफिजसाहेबांनी. ते तिच्याकडे नातवाचा कुर्ता शिवायला आले होते. तिने धीर करून विचारले. ते हसले आणि म्हणाले, हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच विचारून झाला आहे, आणि विचारणारी एक बाई होती.

तिचे नाव फातिमा बिन्त अबी हुबैश. तिला मासिक पाळीबाहेरही सतत रक्तस्राव होत असे. ती थेट पैगंबरांकडे गेली आणि तिने विचारले की मी कधीच पाक होत नाही, तर नमाज सोडून देऊ का? उत्तर मिळाले की नाही. हे एका रगेतून येणारे रक्त आहे, पाळी नाही. पाळीचे दिवस सोडले तर नमाज चालू ठेव. या आणि अशा प्रसंगांवरून फुकहांनी ‘माजूर’ माणसाचा मसला बांधला. ज्याच्या शरीरातून काहीतरी सतत बाहेर पडते आणि जे थांबवणे त्याच्या हातात नाही, तो माजूर. हनफी मसलकात त्याला नमाजच्या एका वेळेसाठी एक वजू पुरतो. शाफईत, म्हणजे कोकणातले आपले बहुतेक भाऊ पाळतात त्या मसलकात, प्रत्येक फर्जसाठी नवा वजू करावा लागतो. मधल्या वेळेत त्या कारणाने काही बाहेर पडले तरी त्याची नमाज होते.

आम्ही दोघे त्या रात्री बराच वेळ जागे होतो. आमच्यावर उपकार कोणाचा? एका बाईचा, जिने आपल्या शरीराच्या सर्वांत झाकलेल्या गोष्टीबद्दल उघडपणे विचारले. तिने लाज धरून प्रश्न गिळला असता तर? हजरत आयेशांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली आहे ती याचसाठी, की दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही. म्हणजे ज्या परंपरेने आम्हाला हया शिकवली, तिनेच हयेची हद्दही सांगून ठेवली होती. आम्ही पहिली गोष्ट घरात आणली आणि दुसरी बाहेर ठेवली.

आणि पाकीचे काय? पाणी नसेल तर मातीने तयम्मुम करता येतो हे लहान पोरालाही माहीत असते. माती अंगाला लावून माणूस पाक होतो, याचा अर्थ पाकी ही डाग नसण्याची अवस्था नव्हे. ती माणसाने आपल्या ऐपतीत, आपल्या हाताने केलेली एक तयारी आहे. जो रोज पहाटे उठून पिशवी रिकामी करतो, भोवतालची कातडी कोमट पाण्याने धुतो, पुसतो, पिशवी नीट बसली का ते दोनदा पाहतो आणि मग वजू करतो, तो तहारत जितकी जाणतो तितकी नळाखाली हात धरून पळत सफ गाठणारा जाणत असेल का? हे घमेंडीने लिहीत नाही. निरोगी होतो तेव्हा आम्हीही पळतच सफ गाठत होतो.

ही पिशवी कुठून आली, याचीही एक हकिकत आहे. डेन्मार्कमध्ये एलिस सोरेन्सन नावाची नर्स होती. तिच्या बहिणीचे असेच ऑपरेशन झाले, आणि गळतीच्या भीतीने बहीण घराबाहेर पडेनाशी झाली. १९५४ साली एलिसला कल्पना सुचली, की पिशवीलाच चिकटपट्टी असावी, म्हणजे ती कातडीला घट्ट बसेल. पुढे एका प्लॅस्टिक कारखानदाराने ती बनवून दिली. बहिणीला घराबाहेर काढण्यासाठी शोधलेली वस्तू आज आमच्या घरातल्या माणसाला मशिदीत घेऊन जाते. तो परत जाऊ लागला. मागच्या सफमध्ये, दाराच्या बाजूला उभा राहतो. ते बुजुर्ग आता त्याच्यासाठी तिथे एक खुर्ची ठेवायला सांगतात. तो खुर्चीवर बसत नाही, पण खुर्ची उचलूनही ठेवत नाही.

इथपर्यंतचा हिशेब सोपा होता. लाज चूक होती, बोलणे बरोबर होते. पुढचा तसा नाही.

त्याचे अब्बा १९९८ साली ४४ व्या वर्षी गेले. कशाने, तर ‘पोटाच्या विकाराने’. एवढेच घरात बोलले जाई. मुंबईला डॉक्टरांनी हे ऐकले आणि गाठीच्या तुकड्याची एक वेगळी तपासणी केली, मग रक्ताची. लिंच सिंड्रोम निघाला. पेशींची नक्कल होताना ज्या चुका होतात त्या दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक बिघडलेले असते, आणि ते आई किंवा बापाकडून उतरते. प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. ज्याच्यात उतरले त्याने तरुणपणापासूनच दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घ्यायची. साध्या गाठी तिथेच काढल्या की त्यांचा कॅन्सर होणे पुष्कळदा टळते. बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो.

या विकाराचा माग पहिल्यांदा लागला तोही एका बाईच्या बोलण्यावरून. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली, की आमच्या घरात सगळे कॅन्सरने जातात, मीही लवकर जाईन. ती खरोखरच तरुणपणी गेली. पण तिने सांगितले म्हणून वॉर्थिन यांनी त्या घराण्याची नोंद ठेवली आणि १९१३ साली ती छापली. पुढे हेन्री लिंच यांनी ते काम हाती घेतले. शिलाईच्या मशीनवर बसून आमच्यातली एकजण ही हकिकत पुन्हा पुन्हा सांगते.

त्याला एक मोठी बहीण, एक धाकटा भाऊ. त्यांना सांगायचे की नाही? अम्मी म्हणाली, नको. आपाच्या मुलीची मंगनी ठरत आली होती. ‘घराण्यात कॅन्सर’ हे शब्द बाहेर गेले तर पोरींची लग्ने कशी व्हायची? हा प्रश्न आम्ही उडवून लावला नाही. आपल्या समाजात ते खरेच घडते. दुसऱ्याचा ऐब झाकणाऱ्याचा ऐब अल्लाह झाकतो, हेही आम्हाला कोणी तरी सांगितले. पण ऐब म्हणजे दोष, चूक, गैरकृत्य. आजाराला ऐब म्हटले, की आपण पुन्हा त्या ‘कोणता गुनाह’वाल्या माणसाच्या रांगेत जाऊन बसतो. आणि ही माहिती आमची होती कुठे? ती जितकी त्याच्या रक्तात होती तितकीच आपाच्या आणि भावाच्या रक्तात असण्याचा संभव होता. ती त्यांची अमानत होती. अमानत मालकाला न देणे याला पडदा म्हणत नाहीत. अब्बांच्या आजाराचे नाव १९९८ साली कोणी उच्चारले असते, तर त्याने चार महिने मूळव्याधीची औषधे खाल्ली नसती.

म्हणून आम्ही सांगितले. इथपर्यंत आमची खात्री आजही आहे. पण कसे सांगितले? २०१८ च्या ईदला सगळे जमले असताना, जेवणाच्या दस्तरखानावर, सर्वांसमोर. आम्हाला वाटले, आता लपवाछपवी संपवायची. त्यात थोडा सत्य बोलण्याचा आवेशही होता. तिथे आपाची नणंद होती, जावेच्या माहेरची माणसे होती. आठ दिवसांत बातमी मुलाकडच्यांपर्यंत गेली. मंगनी झाली नाही. आपा दोन वर्षे आमच्याशी बोलली नाही, आणि रागाने तिने तपासणीही केली नाही.

भावाने केली. त्याच्यात ते जनुक निघाले आणि आतड्यात एक गाठ, अजून साधी; ती त्याच वेळी काढली. आपाने तपासणी केली २०२१ साली. तिच्यात तो बिघाड नाही. आईत नाही म्हणजे त्या वाटेने मुलीतही उतरलेला नाही. जी मंगनी मोडली ती एका नसलेल्या गोष्टीसाठी मोडली.

याचा दोष कोणाचा? मुलाकडच्यांचा म्हणता येईल, समाजाचा म्हणता येईल. तेही खरे आहे. पण आमच्या वाट्याचे आम्हाला उचललेच पाहिजे. आम्ही आपाकडे आधी एकटे गेलो असतो, तिच्या हातात तिची अमानत ठेवली असती आणि ती केव्हा, कोणाला दाखवायची हे तिच्यावर सोडले असते, तर कदाचित तपासणी आधी झाली असती आणि चर्चा झालीच नसती. लपवण्याला कंटाळलेल्या आम्ही पडदाच फाडून टाकला. आता आम्हाला वाटते की हयेचा खरा मुक्काम या दोन्हींच्या मध्ये आहे. ज्याला माहितीची गरज आहे त्याच्यापासून ती लपवणे ही हया नव्हे. ज्याला गरज नाही त्याच्यासमोर दुसऱ्याचे अंग उघडे करणे हेही सत्य नव्हे. स्वतःच्या शरीराबद्दल माणसाने हवे तितके बोलावे. दुसऱ्याच्या शरीराबद्दल बोलण्याआधी त्याची इजाजत घ्यावी.

आठ वर्षे झाली. केमोनंतर बोटांना आलेल्या मुंग्या पुरत्या गेल्या नाहीत; थंडीत खडू नीट धरता येत नाही. दरवर्षी मुंबईची फेरी असते, उरलेले आतडे त्याच पोटावरच्या तोंडातून तपासतात. आमची मुले मोठी होत आहेत. त्यांना आम्ही सांगितले आहे, आणि अठरा पूर्ण झाल्यावर रक्त तपासायचे की नाही हे ती ठरवतील. त्यांच्यासाठी भीती वाटते, ती नाही असे नाही.

भाची आता नर्सिंग पूर्ण करून नोकरी करते. हा लेख लिहिण्याआधी तिला आणि आपाला वाचून दाखवला. आपा ऐकून उठून आत गेली, मग चहा घेऊन आली. भाची म्हणाली, “मामू, नाव नको. बाकी सगळं लिहा. आणि रक्त दिसलं तर मूळव्याध समजून बसू नका, हे पण लिहा.”

ते लिहिले आहे. नाव लिहिलेले नाही.